शीळफाट्याला बंद पडलेली गाडी

बाबा सोफ्यावर एक पाय वर घेऊन बसलेले, फोन स्पीकरवर, मी किचनच्या दारात त्यांचा चहा घेऊन उभी, आणि फोनमधल्या मॅडम एकदम गोड आवाजात विचारत होत्या की कृतिकाच्या, म्हणजे माझ्या, शिक्षणाला घरातून कधी विरोध वगैरे झाला का, आणि बाबा म्हणाले, "झाला ना. मीच केला होता." बस, एवढंच. पुढे मॅडमनी अजून काही विचारलं, बाबांनी अजून काही सांगितलं, मुलगी एकदा लांब गेली की परत येत नाही असं मला वाटायचं, असं काहीतरी, आणि मला ते ऐकू येत होतं पण आत शिरत नव्हतं, म्हणजे कसं ना, मिक्सर चालू असताना समोरचा बोलला की नुसते ओठ हलताना दिसतात, तसं. स्टीलचा पेला होता, बोटं भाजत होती, आणि तो खाली ठेवायचा असतो हेच मला सुचेना. कारण मी त्या अर्जात काय लिहिलेलं माहितीये तुम्हाला? मी लिहिलेलं, माझ्या घरात मला कधीच कोणी अडवलं नाही. निबंधाची पहिलीच ओळ. आणि इथे ज्यांच्याबद्दल लिहिलं ते स्वतः सोफ्यावर बसून म्हणत होते, मीच. फोन ठेवून त्यांनी माझ्याकडे बघितलं, हात पुढे केला आणि म्हणाले, "दे गं, थंड झाला आसल तो." मी दिला. ते प्यायले. टीव्हीचा आवाज वाढवला.

थांबा, नीट सांगते, तुम्हाला अर्धवटच माहितीये. सायन्समध्ये पुढे शिकणाऱ्या मुलींसाठी एक फाउंडेशन आहे, ते एम.एस्सी.चं सगळं बघतं, आणि त्याच्यासोबत बंगलोरच्या एका लॅबमध्ये जागा मिळते, क्रिस्टल वाढवणारी लॅब. स्कॉलरशिप मिळाली तरच ती जागा, नाहीतर नाही. मला ती लॅब हवी होती. फोटो बघून हवी होती, खोटं कशाला बोलू, एका काचेच्या नळीत मधोमध लटकलेला एक तुकडा, पाण्यासारखा, पण कडा असलेला, आणि खाली लिहिलेलं की हा वाढवायला एका मुलीला अख्खा हिवाळा लागला. मला वाटलं, अख्खा हिवाळा एका गोष्टीकडे बघत बसायला मिळतं आणि कोणी विचारत नाही की जेवलीस का, पाहुणे आलेत, खाली ये. आणि तुला कशाला गं स्कॉलरशिप, तुम्ही आगरी, तुमच्या जमिनी, हे मी इतक्या वेळा ऐकलंय ना की माझं उत्तर पाठ आहे. जमीन होती. आता तिच्यावरून रस्ता जातो, आणि उरलेल्या तुकड्यावरून काकांची आणि आमची केस. पण ते पण खरं कारण नाही. मला एकदा, एकदाच, असं काहीतरी हवं होतं जे जमिनीतून आलेलं नाही.

शोधून काढलं रचनानं. रचना माझ्या कॉलेजातली, स्टॅट्सची, राहते कल्याणला. त्यांच्या चाळीजवळच्या विहाराच्या वरच्या मजल्यावर अभ्यासिका आहे, पंखा एकदम जोरात आणि वायफाय एकदम हळू, तिथे रविवारी आम्ही बसायचो. साइट उघडायची, वर पांढरे कोट घातलेल्या हसणाऱ्या मुली, हातात निळं पाणी भरलेली टेस्ट ट्यूब. रचना म्हणायची, "हे निळं पाणी नक्की काय असतं गं? तीन वर्षं झाली, आपल्याला कोणी दाखवलं नाही." मग खाली खाली वाचत जायचं आणि शेवटी कळायचं की तारीख गेली, नाहीतर फक्त इंजिनियरिंगवाल्यांना, नाहीतर आईवडिलांची एकुलती एक मुलगीच हवी. "देवेशला टिटवाळ्याला सोडून ये," रचना म्हणाली एकदा. देवेश माझा भाऊ. एवढं सगळं चाळून मग हे एक उरलं, माझ्या मापाचं. रचनाचं स्वतःचं वेगळं चाललेलं, सरकारी, परदेशात जायचं, तिचे पप्पा म्हणजे रत्नदीपकाका तिच्यासाठी दाखले गोळा करत फिरत होते. तर ह्या अर्जात निबंध होता, तुमच्या वाटेत आलेला सर्वात मोठा अडथळा. आणि मी कोरी. रविवार गेला, पुढचा रविवार गेला. रचना म्हणे, "तुझ्याकडे अडथळाच नाही. कसली गरीब आहेस गं तू." मी म्हटलं तुझ्याकडे आहे का? तर म्हणाली, "घरात नाही बाबा. मला ताप आला तरी पप्पा उशाशी गोळी ठेवतात आणि गोळीच्या बाजूला पुस्तक ठेवतात. माझे अडथळे सगळे घराबाहेर." मग आमच्या कॉलेजची एक सीनियर आहे, देवयानी, तिला मिळालेली मागे कुठलीतरी, तिला विचारलं तर तिनं एका सेकंदात सांगितलं, "सोप्पंय! घरचे लग्न लावून देत होते असं लिही. आगरी ना तू? त्यांना लगेच पटेल."

लगेच पटेल. ते मला इतकं लागलं ना. म्हणजे ती हसत म्हणाली, चांगली आहे ती, पण माझ्या डोक्यात गेलं. मी त्याच रागात ती ओळ लिहिली. माझ्या घरात मला कधीच कोणी अडवलं नाही. आणि पुढे लिहिलं की माझा अडथळा हा आहे की लोकांना हे पटत नाही. रचनानं वाचलं, पेन्सिल तोंडातून काढली आणि म्हणाली, "भारी आहे. पण 'कधीच' हा शब्द काढ. स्टॅट्सवाल्याला 'कधीच' बघितलं की खाज सुटते." मी नाही काढला. माझ्यासमोर बाबा होते ना, दहावीनंतर मला ठाण्याच्या क्लासला गाडीनं सोडणारे, क्लास सुटेपर्यंत खाली गाडीतच बसणारे, सीट मागे पाडून, तोंडावर रुमाल. दुर्बीण आणून देणारे. चुलतभावाच्या हळदीला डीजे थांबवून माइकवर सांगणारे की आपली पोर सायंटिस्ट होनार हाय, आणि अख्ख्या मांडवानं शिट्ट्या मारलेल्या. ह्या माणसासाठी 'कधीच' नाही लिहायचं तर कोणासाठी लिहायचं?

तर त्या फोननंतर मी आईला विचारलं. आई गच्चीवर कोळंबीचे सोडे वाळत घालत होती. मी म्हटलं, बाबा असं का बोलले? आईनं मान पण वर केली नाही. "येरी हायेस का तू? तो मोजनीवाल्यासमोर बोलतो तसा बोलला." आणि ती हसायला लागली, आणि मला पण हसू आलं, कारण मोजणीचा दिवस मला आठवतो. रस्त्यासाठी जमीन मोजायला सरकारी माणसं येणार होती, फळझाडांचे पैसे वेगळे धरतात म्हणून आदल्या दिवशी गावातला प्रत्येक जण नर्सरीतून रोपं आणून लावत होता, आमच्या बांधावर तर आंबे इतके दाट लावलेले की मधून कुत्रं जाईना. आणि साहेब आल्यावर बाबा, तेच बाबा जे घरात कोणाशी सरळ बोलत नाहीत, एकदम शुद्ध मराठीत, "साहेब, या झाडावर आमच्या वडिलांचा फार जीव होता." गुडघ्याएवढं रोप! साहेब पण हसले. पण लिहून घेतलं. आई म्हणाली, "कोन काय द्यायला आयला ना, का आपन पयला नुकसान दाखवाचा. समदा बरा हाय बोललो तर देईल का कोन? ऐकलास ना फोनवर कसा पुस्तकातला बोलत होता? खोटा बोलतो तवा असाच बोलतो तुझा बापूस." आणि मला एकदम हलकं वाटलं. म्हणजे त्यांनी माझ्यासाठी नुकसान दाखवलं. स्वतःलाच नुकसान म्हणून दाखवलं. ते गुडघ्याएवढं रोप. मी आईला म्हटलं, म्हणजे खरंच कधी केला नाही ना त्यांनी विरोध? आणि आई सोडे पसरत राहिली. नुसती पसरत राहिली. मग म्हणाली, "कावला बघ तो, हाकल त्याला." कावळा होता खरंच. पण मला वाटलं, कावळा नसता तर तिनं काय सांगितलं असतं?

इथून सुरू झालं ते. कारण गच्चीवरून जिना उतरताना मला ती गाडी आठवली. तुम्हाला मी तो किस्सा सांगितलाय, माझा हिट किस्सा आहे तो, फर्स्ट इयरला कँटीनमध्ये सांगून सगळ्यांना हसवलेलं. अकरावीत मला पुण्याच्या सायन्स कॅम्पला निवडलेलं, राहायचं होतं तिथे, बॅग भरलेली, आईनं तांदळाच्या तळलेल्या गोड बोरांचा डबा दिलेला, बाबा सोडायला निघाले, आणि गावातून निघून जेमतेम शीळफाट्याला पोचलो तर गाडी बंद. ट्रॅफिकमध्येच. बाबांनी कशीबशी बाजूला घेतली, उतरले, बॉनेट उघडलं, आत बघत उभे राहिले. मी आत बसलेली. मला उसाचा रस आणून दिला. मग कोणाला तरी फोन केला, मग परत बॉनेटमध्ये बघितलं, मग खिडकीशी येऊन म्हणाले आता उशीर झाला गं पोरी, आता नाय पोचत. आणि आम्ही परत आलो. मी रडले, मग बोरं खाल्ली, मग दुसऱ्या वर्षी बारावी, विषय संपला. मी किस्सा असा सांगायचे की बघा, पुण्याला जायचं तर शीळफाट्यानं पुढे सोडलं पाहिजे ना! सगळे हसायचे, कारण शीळफाट्याला कोण अडकलेलं नाही? पण आता जिन्यात उभी राहून मला एकच कळेना. परत कशी आलो? गाडी बंद होती तर आम्ही परत कशातून आलो? त्याच गाडीतून आलो. म्हणजे चालू झाली असेल, होते कधी कधी, थंड झालं की होते चालू, रेडिएटर असेल तर होते. बाबा तेव्हा रेडिएटरच म्हणालेले. मग चालू झाली तर पुढे का नाही नेली?

आणि मग मला एसी आठवायला लागला. हसू नका. मी फिजिक्सवाली आहे, मला दुसरं काय आठवणार? इंजिन बंद असलं की कॉम्प्रेसर फिरत नाही, नुसता पंखा गरम वारा टाकतो. मे महिना होता, काचा वर होत्या, ट्रकचा धूर नको म्हणून बाबांनीच वर केलेल्या, आणि मला माझे गुडघे गार पडलेले आठवतात. एकदम स्पष्ट आठवतात. म्हणजे एसी चालू होता. म्हणजे इंजिन चालू होतं. म्हणजे बाबा एका चालू गाडीचं बॉनेट उघडून आत बघत उभे होते. पण मग मला आठवलं की उसाच्या रसाचा ग्लास मी दोन गुडघ्यांच्या मधे धरलेला, बर्फ घातलेला, म्हणजे गुडघे त्यानं गार पडले असतील. आणि आवाज? इंजिनचा आवाज होता का? शीळफाट्याला सगळ्याच इंजिनांचा आवाज असतो, त्यातला आमचा कुठला? मी रात्रंदिवस, अभ्यास करताना, आंघोळ करताना, त्या गाडीत जाऊन बसत होते. कधी गुडघ्यांवर वारा यायचा, कधी ग्लासचं पाणी ओघळायचं. आणि जितक्या वेळा जात होते तितकं ते पुसट होत होतं, रबरानं खोडल्यासारखं, आणि मला कळत होतं की मी बघून बघूनच ते बिघडवतेय, पण थांबता येत नव्हतं.

आणि मग फक्त ती गाडीच नाही. सगळंच. क्लासच्या खाली गाडीत बसलेले बाबा, तोंडावर रुमाल. सोबत बसलेले की राखण करत बसलेले? ठाण्याचं कॉलेज घेतलं तेव्हा म्हणालेले, मुंबईला कशाला, ठाण्यात काय कमी हाय? मी ऐकलेलं, कारण मला पण ठाणंच चाललं असतं, पण चाललं असतं की चालवून घेतलं? आणि दुर्बीण. अहो दुर्बीण आणली ती कॅम्प चुकल्यानंतरच्याच आठवड्यात! मी ते दोन कधी जोडलेच नव्हते. ती गच्चीवर लावून दिली, स्वतः स्टँड धरून उभे राहिले, म्हणाले, "घे, हितूनच बग, समदा हितूनच दिसतो." किती प्रेमानं म्हणालेले. आता तेच वाक्य मी डोक्यात फिरवत होते आणि ते एका बाजूनं प्रेमाचं दिसत होतं आणि दुसऱ्या बाजूनं कुलूप, आणि मला कळत नव्हतं की वाक्य फिरतंय की मी फिरतेय. घरात ते तसेच होते. तसेच जेवत होते, तसेच देवेशला ओरडत होते. मी त्यांच्या हाताकडे बघायचे भात कालवताना. हे हात. बॉनेटला टेकलेले. ह्यांना विचारायचं तरी काय? तुम्ही मला अडवलं होतं का? मी ती अडवली गेलेली मुलगी आहे आणि मला एकटीलाच माहीत नव्हतं का?

त्यातच मेल आला. वल्लरी मॅडमचा, त्याच फोनवाल्या. खूप सभ्य मेल होता. लिहिलेलं की तुमचं निवेदन आणि तुमच्या वडिलांचं बोलणं जुळत नाही, आमच्यासाठी दोन्हीपैकी काहीही असलं तरी अडचण नाही, पण अर्जातली माहिती खरी असणं ही आमची एकमेव अट आहे, तर गुरुवारी तुम्ही आणि तुमचे वडील दोघांनी एकत्र व्हिडिओ कॉलवर बोलावं, त्यानंतर आम्ही निर्णय घेऊ. मी तो मेल रचनाला पाठवला आणि तिचा लगेच फोन. "हे बघ, घाबरू नको. दोन ऑप्शन आहेत. एक, बाबा म्हणतील मी चुकून बोललो, विरोध नव्हता. दोन, तू म्हणशील मी बाबांना वाचवायला लिहिलं, विरोध होता. दोन्हीत मॅच होतं. तू ठरव आणि बाबांना तसं सांगून ठेव."

मी म्हटलं, "अगं पण खरं कुठलंय?"

ती म्हणाली, "ते मला काय विचारतेस? घरी आहेत ना ते."

"त्यांना विचारलं तर ते मला जे हवं ते सांगतील."

"मग बरंय की."

"नाही गं बरं! तेच तर बरं नाही!" मी एवढ्या जोरात ओरडले की खाली देवेशनं गाडी धुता धुता वर बघितलं.  मागे रचनाच्या अभ्यासिकेचा पंखा ऐकू येत होता. मग म्हणाली, "कृतिका, तुला लॅब हवीये की हे हवंय?"  बंगलोरची ती नळी, तो लटकलेला तुकडा, तो मला दिसतच नव्हता त्या दिवसांत. मी डोळे मिटले की बॉनेट.

गुरुवारी माझं जर्नल सबमिशन पण होतं. म्हणून ठरलं की बाबा मला ठाण्याला सोडतील आणि कॉलेजबाहेर गाडीतच बसून आम्ही कॉल घेऊ. मी त्यांना काहीच शिकवून ठेवलं नव्हतं. एवढंच सांगितलेलं की मॅडम परत बोलणार आहेत. त्यांनी पांढरा शर्ट घातला, केसांना तेल लावलं, अगदी मोजणीच्या दिवशीसारखं. आणि निघालो, आणि अर्थात शीळफाटा. मेट्रोचे पत्रे, कंटेनर, एक डंपर आडवा, आणि आम्ही जागच्या जागी. पुढची गाडी हलत नाही, मागचा हॉर्न थांबत नाही, आणि डाव्या बाजूला तोच रसवाला, म्हणजे तो नसेल, दुसरा असेल, पण चरकाचे घुंगरू तसेच.  मी समोर बघत विचारलं, अगदी सहज विचारल्यासारखं, "बाबा, त्या पुण्याच्या वेळी गाडीला काय झालेलं ओ?"

"कवा?"

"कॅम्पला. इथेच बंद पडलेली ना."

"हां, ती." त्यांनी आरसा नीट केला. नीटच होता तो. "बॅटरी आसल."

"तुम्ही रेडिएटर म्हणालेलात."

"मंग रेडिएटर आसल. जुनी गारी ती, तिचा काय एक होता?" आणि हॉर्न वाजवला, समोर डंपर आडवा असताना. मी त्यांच्याकडे बघितलं. कानामागे तेल ओघळलेलं. एवढे मोठे दिसायचे मला, पण आरशाला हात लावणारा तो हात लहान मुलाचा वाटला, काहीतरी फोडून ठेवलेल्या. आणि मला वाटलं विचारू नये. आणि मला वाटलं आत्ताच विचारावं. आणि तेवढ्यात कॉल आला, तिथेच, शीळफाट्याला.

फोन स्टँडला लावला. वल्लरी मॅडम, मागे पुस्तकांचं कपाट, चष्मा. त्यांनी खूप साधं विचारलं, "शिवरामजी, मागच्या वेळी तुम्ही म्हणालात की तुमचा विरोध होता. कृतिका लिहिते की कधीच नव्हता. आम्हाला फक्त समजून घ्यायचंय." बाबांनी घसा साफ केला. "त्याचं काय आहे मॅडम," असं एकदम स्वच्छ, पुस्तकातलं, आणि मग थांबले. आणि माझ्याकडे बघितलं. आणि ते बघणं मी अजून विसरले नाहीये. त्या बघण्यात नुसता प्रश्न होता, की पोरी, कुठला सांगू? तुला कुठला लागतो? मोजणीवाले समोर उभे असताना ते आईकडे बघत होते ना, तसं. मी नाही अशी मान हलवली असती तर ते म्हणाले असते विरोध नव्हता, आणि हो अशी हलवली असती तर म्हणाले असते होता, आणि दोन्ही वेळा तेवढ्याच शुद्ध मराठीत. आणि लॅब माझी झाली असती. फक्त मला कधीच कळलं नसतं.

मी बोलायला लागले. काय बोलतेय ते मला पण माहीत नव्हतं. म्हटलं, मॅडम, मी लिहिलं ते तेव्हा मला जेवढं माहीत होतं तेवढं खरं होतं. कोणीतरी मला म्हणालं की तुमच्यात अडवत असतील, आणि मला राग आला, म्हणून मी 'कधीच' लिहिलं. मला कोणी दार बंद करून अडवलं नाही. पण अडवलं असेल तर मला कळणार नाही असं अडवलं असेल. मला आत्ता सांगता येत नाही. बाबा बोलले ते त्यांना माहीत असेल. मी त्यांना मागे घ्यायला सांगणार नाही, आणि माझं पण मागे घेणार नाही, फक्त 'कधीच' हा शब्द तेवढा काढा. दोन्ही ठेवा, मॅडम. नाही मिळाली तरी चालेल. असं म्हटलं मी, नाही मिळाली तरी चालेल, आणि मला अजिबात चालणार नव्हतं, तेव्हा एकदम ती नळी दिसली मला, इतके दिवस न दिसलेली, तो तुकडा, त्याच्या कडा.

मॅडमनी चष्मा काढला, पुसला. "शिवरामजी, तुम्हाला काही सांगायचंय?"

 चरकाचे घुंगरू. मागून कोणीतरी आईवरून शिवी दिली, मॅडमना पण ऐकू गेली असेल. मग बाबा म्हणाले, "ती बोलते ती बरोबर हाय." एवढंच. हाय म्हणाले ते, मॅडमसमोर. मॅडमनी काहीतरी लिहिलं आणि म्हणाल्या की कृतिका, बाकी सगळं आधीच झालं होतं, आमचं एवढंच अडलं होतं, आमच्याकडून हो आहे, तुझ्या निबंधात ही दुरुस्ती करून घेऊ, आणि ऑगस्टमध्ये बंगलोरला हजर व्हायचं. आणि हसल्या. आणि स्क्रीन काळी झाली आणि त्यात आम्ही दोघं दिसलो, बाजूबाजूला, सेम नाक.

मला वाटलं होतं मी ओरडेन, रचनाला फोन करेन, पण मी नुसती बसून राहिले. गुडघ्यांवर एसीचा वारा येत होता. गार. इंजिन चालू होतं. मी हात ठेवून बघितला, खरंच. समोर डंपर सरळ झाला, गाड्या हलायला लागल्या, मागचे सगळे एकदम हॉर्न मारायला लागले, आणि बाबांनी गिअर टाकलाच नाही. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून रसवाल्याकडे बघत बसले.

"ऑगस्ट म्हंजे गनपतीच्या आदी," ते म्हणाले.

मी म्हटलं, हो.

"बंगलोरला तुला सोराला मी नाय येनार."

 मागचा ट्रकवाला आता उतरून येतोय की काय असं वाटत होतं.

"विमानानं जा तू," बाबा म्हणाले. अजून तिकडेच बघत. "विमान मना बंद पाराला नाय जमनार."

आणि गिअर टाकला.